राउंडहेच्या बागेतील दोन सेकंद: ल प्रँस यांचा दावा आणि चलच्चित्राच्या शोधाचा वाद

इंग्लंडमधील लीड्स शहराच्या राउंडहे या भागात ओकवुड ग्रेंज नावाचे एक घर होते. १८८८ च्या ऑक्टोबर महिन्यात त्या घराच्या बागेत चार माणसे एका जड लाकडी कॅमेऱ्यासमोर चालली. घरमालक जोसेफ व्हिटली वळतात तेव्हा त्यांच्या लांब कोटाचे टोक हवेत उडते, त्यांच्या पत्नी सारा व्हिटली गिरकी घेतल्यासारख्या मागे सरकतात, त्यांचा नातू अ‍ॅडॉल्फ ऐटीत पावले टाकतो आणि चौथी व्यक्ती, हार्टली आडनावाची एक स्त्री, त्यांच्याच जवळ वावरते. या चित्रीकरणाच्या वीस चौकटी आज उपलब्ध आहेत. अ‍ॅडॉल्फने पुढे सांगितले त्याप्रमाणे सेकंदाला बारा चित्रे घेतली होती असे मानले, तर हा सगळा प्रकार दोन सेकंदांहून कमी वेळात आटोपतो. नंतरच्या काही अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे वेग सेकंदाला सातच्या आसपास होता. तसे असेल तर तो फार तर तीन सेकंदांचा होतो.

कुटुंबाने दिलेली तारीख १४ ऑक्टोबर १८८८ ही आहे. ती खरी मानावी की नाही, हा वाद होऊ शकला असता, कारण दावा करणाऱ्याच्या घरच्यांनी सांगितलेली तारीख न्यायालयात फारशी टिकत नाही. परंतु सारा व्हिटली यांचे निधन २४ ऑक्टोबर १८८८ रोजी झाले. बागेत गिरकी घेणारी बाई त्याच असतील, तर हे चित्रण त्या तारखेनंतरचे असूच शकत नाही. चलच्चित्राच्या शोधाविषयीच्या असंख्य दाव्यांमध्ये, शोधकाच्या स्वतःच्या शब्दावर किंवा त्याने भरलेल्या अर्जावर अवलंबून नसलेला इतका पक्का पुरावा क्वचितच सापडतो, आणि तो पुरवला आहे तो एका सासूबाईंच्या मृत्यूने.

कॅमेऱ्यामागे उभे असलेले गृहस्थ म्हणजे सारा व्हिटली यांचे जावई लुई एमे ओग्युस्तँ ल प्रँस. त्यांच्या दाव्याची बाजू अनेकांगी आहे: यंत्र आहे, चित्रे आहेत, पेटंट आहे, साक्षीदारही आहेत, आणि तरीही शाळकरी मुलाला विचारले तर तो एडिसन किंवा ल्युमिए बंधूंचे नाव सांगेल. हे असे का झाले याचा उलगडा करताना ‘खरा शोधक कोण’ या प्रश्नापेक्षा ‘शोध लागला हे कोणत्या पुराव्याने ठरवले गेले’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, असे या लेखकाचे मत आहे.

ल प्रँस यांची पार्श्वभूमी

ल प्रँस यांचा जन्म २८ ऑगस्ट १८४१ रोजी फ्रान्समधील मेट्झ येथे झाला. त्यांचे वडील तोफखान्यातील अधिकारी होते आणि छायाचित्रणाचे एक जनक लुई दागेर यांच्याशी त्या घराचा स्नेह होता. पॅरिसमध्ये चित्रकला आणि लाइपझिग येथे रसायनशास्त्र असे दुहेरी शिक्षण घेतलेला हा तरुण १८६६ मध्ये मित्र जॉन व्हिटली याच्या निमंत्रणावरून लीड्सला आला, व्हिटली कुटुंबाच्या पितळी ओतकामाच्या कारखान्यात काम करू लागला आणि १८६९ मध्ये जॉनची बहीण एलिझाबेथ हिच्याशी त्याचा विवाह झाला. पती-पत्नींनी मिळून लीड्समध्ये उपयोजित कलेची शाळाही काढली.

१८८० च्या दशकाच्या आरंभी हे कुटुंब अमेरिकेत गेले. तेथे ल प्रँस यांनी काही काळ वर्तुळाकार इमारतींमध्ये लावल्या जाणाऱ्या प्रचंड देखाव्यांची, म्हणजे पॅनोरामांची, चित्रे रंगवणाऱ्या कलावंतांच्या गटाचे व्यवस्थापन केले. प्रेक्षकाला चारही बाजूंनी वेढणारे पण जागचे न हलणारे चित्र हाच तो धंदा. ते चित्र हलले तर काय होईल, हा विचार अशा माणसाच्या मनात येणे अगदी साहजिक होते. एलिझाबेथ न्यूयॉर्कमधील मूकबधिरांच्या संस्थेत शिकवत असत आणि तिथल्याच कार्यशाळेत त्यांच्या पतीचे पहिले प्रयोग झाले.

सोळा भिंगे आणि एक भिंग

या प्रकरणाची खरी मेख पेटंटच्या मसुद्यात आहे, त्यामुळे तिथे थोडे थांबावे लागेल. ल प्रँस यांनी २ नोव्हेंबर १८८६ रोजी अमेरिकेत अर्ज दाखल केला. त्यात वर्णिलेल्या यंत्राला सोळा भिंगे होती. दोन फिल्मपट्ट्या आळीपाळीने काम करत: एका पट्टीसमोरची आठ भिंगे एकामागून एक उघडझाप करत असताना दुसरी पट्टी पुढे सरकवायची आणि मग कामाची अदलाबदल करायची. कल्पना चतुर होती, पण तिच्यात एक उपजत दोष होता. प्रत्येक भिंग किंचित वेगळ्या जागेवरून पाहत असल्यामुळे पार्श्वभूमी स्थिर राहत नसे; चित्रे ओळीने दाखवली की सगळे दृश्यच थरथरे. १८८७ मध्ये पॅरिसमध्ये एका रस्त्याच्या कोपऱ्यावरून वळणाऱ्या माणसाची त्यांनी घेतलेली सोळा चित्रे उपलब्ध आहेत आणि त्यांत हा दोष उघड दिसतो.

एक भिंग असलेले यंत्र हाच पुढचा मार्ग आहे, हे त्यांना कळत होते आणि मूळ अर्जात तशी तरतूदही होती. अमेरिकन पेटंट कार्यालयाने मात्र एका जुन्या पेटंटकडे बोट दाखवून एकभिंगी यंत्राचा भाग वगळायला लावला. १० जानेवारी १८८८ रोजी त्यांना अमेरिकन पेटंट मिळाले ते बहुभिंगी यंत्रापुरते. ब्रिटिश पेटंटमध्ये एकभिंगी यंत्राचा उल्लेख राहिला, परंतु पुढची लढाई अमेरिकेत व्हायची होती आणि तिथल्या कागदावर ल प्रँस यांचा हात आधीच बांधला गेला होता. याच कार्यालयाने १८९७ मध्ये एडिसन यांना जे पेटंट दिले, त्याचा सारा डोलारा एकभिंगी कॅमेऱ्यावर उभा होता. ल प्रँस कुटुंबाच्या मनात सल राहिली ती इथेच, आणि ती निष्कारण होती असे म्हणता येत नाही.

१८८७ मध्ये ल प्रँस लीड्सला परतले. वुडहाउस लेनवरील १६० क्रमांकाच्या जागेत, फ्रेडरिक मेसन हा सुतार आणि जेम्स लॉंगली हा यंत्रकार यांच्या मदतीने त्यांनी एकभिंगी कॅमेरा बनवला. हे यंत्र म्हणजे महोगनी लाकडाची एक भक्कम पेटी आहे. तिच्या समोरच्या बाजूला वर-खाली दोन भिंगे दिसतात, पण वरचे केवळ दृश्य नीट जमले आहे की नाही हे पाहण्यासाठी आहे. चित्र पडते ते खालच्या भिंगातून. बाजूचा दांडा फिरवला की आतली पट्टी थोडी सरकते, क्षणभर दाबून धरली जाते, झडप उघडते, मिटते आणि पट्टी पुन्हा सरकते. थांबणे आणि सरकणे हा क्रम चलच्चित्राचा प्राण आहे, कारण पट्टी सतत वाहत राहिली तर चित्र पुसट येते. तो क्रम या पेटीत आहे. नाही ते एवढेच, की पट्टीच्या कडेला दात्यांत अडकणारी छिद्रे नाहीत. त्यामुळे दोन चौकटींमधील अंतर समान राहण्याची हमी नव्हती, आणि एडिसन यांच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर पट्टीला प्रत्येक चौकटीमागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रे पाडून जी गोष्ट साधली, ती ल प्रँस यांना साधलेली नव्हती.

याच कॅमेऱ्याने लीड्सच्या पुलावरील रहदारीचे चित्रणही झाले. पुलाजवळच्या एका लोखंडी सामानाच्या दुकानाच्या खिडकीतून घेतलेल्या त्या चौकटींत घोडागाड्या आणि पादचारी जाताना दिसतात. बागेतील चार माणसे कॅमेऱ्यासाठी चालत होती. पुलावरच्यांना आपले चित्र निघत आहे याचा पत्ताही नसावा. या लेखकाला विचाराल तर चलच्चित्र म्हणून पुलाचे चित्रण अधिक मोलाचे आहे.

पडद्यावर काय आणि किती दिसले

चित्रण झाले, हे निर्विवाद. प्रक्षेपण झाले का, हा या दाव्याचा कच्चा दुवा आहे. ल प्रँस वापरत ती ईस्टमन कंपनीची कागदी आधार असलेली फिल्म, आणि कागदातून प्रकाश आरपार जात नाही. म्हणून त्यांनी चित्रे काचेवर उतरवून ती पट्ट्यांवर बसवण्याचा खटाटोप केला, पण काच जड आणि ठिसूळ. सेल्युलॉइडची फिल्म हाती येऊ लागली ती १८८९ च्या सुमारास आणि त्यांनी तिचाही वापर करून पाहिला. कारखान्यातील मदतनिसांनी पुढे दिलेल्या जबान्यांनुसार वुडहाउस लेनच्या जागेत हलती चित्रे पडद्यावर दाखवली गेली होती. ३० मार्च १८९० रोजी पॅरिस ऑपेराचे सचिव फर्दिनां मोबिसाँ यांनी ल प्रँस यांचे प्रक्षेपणाचे यंत्र आपण तपासले असल्याचे लेखी प्रमाणपत्रही दिले. हा कागद महत्त्वाचा आहे, पण तो यंत्र तपासल्याचा दाखला आहे. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांनी काही पाहिले याचा नव्हे. समर्थक अनेकदा या दोन गोष्टींची गल्लत करतात.

जाहीर प्रयोग न्यूयॉर्कमध्ये करायचा बेत होता. एलिझाबेथ यांनी त्यासाठी तिथला जुमेल मॅन्शन हा जुना वाडा भाड्याने घेऊन ठेवला होता.

१६ सप्टेंबर १८९०

अमेरिकेला निघण्यापूर्वी ल प्रँस फ्रान्समध्ये आपला भाऊ आल्बेर याला भेटायला दिजाँ येथे गेले. १६ सप्टेंबर १८९० रोजी ते दिजाँहून पॅरिसच्या गाडीत बसले, असे भावाने सांगितले. पॅरिसमध्ये त्यांची वाट पाहणाऱ्या मित्रांना ते भेटले नाहीत. त्यांचे सामानही मिळाले नाही. फ्रेंच पोलिसांनी शोध घेतला, कुटुंबाने जंग जंग पछाडले. मृतदेह सापडला नाही. १८९७ मध्ये कायद्याने त्यांना मृत मानण्यात आले.

या घटनेभोवती अनेक तर्क रचले गेले: कर्जापायी आत्महत्या, वारशाच्या वादातून भावाकडून घात आणि, सगळ्यात लोकप्रिय, एडिसन यांच्या माणसांनी केलेला खून. शेवटच्या तर्कावर एलिझाबेथ यांचा स्वतःचा विश्वास होता. दुःखात असलेल्या पत्नीचा संशय म्हणून तो समजण्यासारखा आहे, पण त्याला पुरावा नाही, आणि कागदपत्रे उलट दिशेने बोलतात. एडिसन यांनी १७ ऑक्टोबर १८८८ रोजी, म्हणजे राउंडहेच्या बागेनंतर अवघ्या तीन दिवसांनी, पेटंट कार्यालयात एक पूर्वसूचना दाखल केली. फोनोग्राफ कानासाठी जे करतो ते डोळ्यासाठी करणारे यंत्र आपण शोधत आहोत, असे तीत म्हटले होते. मात्र तीत वर्णन होते ते नळकांड्यावर नागमोडी गुंडाळलेल्या सूक्ष्म चित्रांचे, जे सूक्ष्मदर्शकासारख्या भिंगातून एकेका माणसाने पाहायचे. ज्याने ल प्रँस यांची कल्पना उचलली असेल, तो पट्टी सोडून नळकांड्याच्या मागे कशाला लागेल? पट्टीकडे एडिसन वळले ते नंतर, आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळी एतियेन-जूल मारे या शरीरशास्त्रज्ञाची फिल्मपट्टीवरील कामे पाहिल्याचा त्यात वाटा होता असे बहुतेक इतिहासकार मानतात. खुनाच्या कथेने ल प्रँस यांचे नाव जिवंत ठेवले हे खरे, पण त्यांचा चांगला दावा एका कमकुवत दाव्याला बांधून त्यांचे नुकसानही केले.

न्यायालयातील वेगळाच प्रश्न

एडिसन यांच्या कंपनीने पेटंट हाती पडताच प्रतिस्पर्ध्यांवर खटल्यांचा सपाटा लावला. त्यांपैकी १८९८ मध्ये अमेरिकन म्युटोस्कोप कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दाखल झालेला खटला आपल्या दृष्टीने निर्णायक आहे. यात एक गंमत आहे: ज्या डिक्सन यांच्या हातून एडिसनचे यंत्र घडले, तेच १८९५ मध्ये एडिसन यांना सोडून या प्रतिवादी कंपनीच्या उभारणीत सामील झाले होते.

एडिसन हे पहिले नव्हते, हे दाखवण्यासाठी प्रतिवादी पक्षाने अ‍ॅडॉल्फ ल प्रँसला साक्षीला बोलावले. बागेत ऐटीत चालणारा मुलगा आता विशीतला तरुण होता आणि वडिलांचे श्रेय जगासमोर येणार या अपेक्षेने त्याने डिसेंबर १८९८ मध्ये साक्ष दिली. परंतु प्रतिवादी कंपनीला ल प्रँस यांना न्याय मिळवून द्यायचा नव्हता. तिला फक्त एडिसनचे पेटंट मोडायचे होते. त्यासाठी जेवढा ल प्रँस लागेल तेवढाच तिने वापरला. वडिलांचे दोन कॅमेरे पुरावा म्हणून मांडण्याची अ‍ॅडॉल्फला संधी मिळाली नाही. जे यंत्र पाहिल्यावर प्रश्न निम्मा मिटला असता, ते न्यायालयाच्या दृष्टीस पडलेच नाही. साक्षीदाराचे हित आणि त्याला बोलावणाऱ्या पक्षाचे हित यांतील ही फट आपल्याकडच्या कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल.

जुलै १९०१ मध्ये पहिल्या न्यायालयाने एडिसन यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर महिनाभराने, ऑगस्ट १९०१ मध्ये, अ‍ॅडॉल्फ न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर बंदुकीची गोळी लागून मृतावस्थेत सापडला. मार्च १९०२ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. एडिसन हे व्यापक अर्थाने आद्य प्रवर्तक नाहीत आणि फिल्मचा शोधही त्यांचा नाही, मात्र उपलब्ध फिल्म वापरून व्यापारी यश देणारे यंत्र त्यांनी सिद्ध केले, अशा आशयाचे मत न्यायाधीश वॉलेस यांनी नोंदवले. हा निकाल ऐकायला अ‍ॅडॉल्फ हयात असता तरी त्याचे समाधान झाले नसते. एडिसन पहिले नाहीत, एवढेच त्यात ठरले. पहिले कोण, हे ठरवण्याची न्यायालयाला गरजच नव्हती. एडिसन यांनी दावे आखडते घेऊन त्याच वर्षी सुधारित पेटंटे मिळवली आणि धंदा चालू ठेवला.

दाव्याचे मोजमाप

ल प्रँस यांच्या दाव्याचे तीन भाग वेगळे केले की चित्र बरेच निवळते. एकाच भिंगातून, सलग पट्टीवर, एकाच ठिकाणाहून हालचाल टिपणे या कामात आज ज्ञात असलेल्या पुराव्यानुसार ते सर्वांच्या पुढे होते. छायाचित्रकार मायब्रिज यांनी १८७८ मध्ये पालो आल्टो येथे धावत्या घोड्याची चित्रे घेतली ती ओळीने मांडलेल्या स्वतंत्र कॅमेऱ्यांनी. मारे यांच्या १८८२ च्या बंदुकीच्या आकाराच्या कॅमेऱ्यात फिरती तबकडी होती. या दोघांचे ऋण सगळ्यांवरच आहे, पण त्या वेळी त्यांच्याकडे सलग पट्टी नव्हती. मारे तिच्याकडे वळले ते १८८८ मध्येच, आणि ल प्रँस यांची आघाडी मोजायची झाली तर ती काही आठवड्यांची आहे.

प्रक्षेपणाच्या बाबतीत ते वाटेवर होते, पोहोचले नव्हते, असे म्हणणे सुरक्षित ठरेल. जाहीर प्रयोगाचे श्रेय तर त्यांना देताच येत नाही. बर्लिनच्या विंटरगार्टनमध्ये १ नोव्हेंबर १८९५ रोजी स्क्लादानोव्स्की बंधूंनी आणि पॅरिसच्या ग्रां कॅफेत २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिए बंधूंनी पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांना हलती चित्रे दाखवली. ल्युमिए यांच्या खेळाला त्या रात्री जेमतेम ३३ तिकिटे खपली. त्यांचे यंत्र मात्र एवढे हलके आणि सुटसुटीत होते की सहा-सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, ते मुंबईत वॉटसन्स हॉटेलमध्ये चालू झाले. मुंबईकरांना चलच्चित्राबरोबर ठाऊक झाले ते ल्युमिए यांचे नाव.

प्रभावाच्या बाबतीत ल प्रँस यांची पाटी जवळपास कोरी आहे, आणि ही बाब त्यांचे चाहते नजरेआड करतात. त्यांनी धास्तीने सगळे गुप्त ठेवले. त्यांच्या यंत्रावरून पुढचे यंत्र कोणी बनवले असे दाखवता येत नाही. शोध म्हणजे प्रथम करणे की इतरांना करता येईल असे करणे, यावर उत्तर बदलते. आपल्याकडे दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी आणि फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी एकाच कॉरोनेशन चित्रगृहात झळकले, तरी पहिला भारतीय चित्रपट कोणता यावर अजून खडाजंगी होते. तिथेही तारखांबद्दल दुमत नाही. नाटकाचे चित्रण, परदेशी कॅमेरामन आणि लंडनमध्ये धुतलेली फिल्म असली की चित्रपट भारतीय म्हणायचा की नाही, यावर घोडे अडते.

विल्यम फ्रीझ-ग्रीन या इंग्रज संशोधकाचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. त्यांचे १८८९ चे पेटंट होते, पण समाधानकारक हलते चित्र दाखवल्याचा पुरावा दुबळा. तरीही लंडनच्या हायगेट दफनभूमीतील त्यांच्या समाधीवर चलच्चित्रणाचे शोधक असा लेख कोरलेला आहे. १९२१ मध्ये चित्रपट व्यावसायिकांच्या भर सभेत भाषण करून बसताच ते कोसळले आणि तिथेच वारले. त्यांचा शेवट शेकडो लोकांनी पाहिला; ल प्रँस यांचा कोणीच नाही. स्मारके उभारणाऱ्यांवर या फरकाचा परिणाम झाला नसेल असे वाटत नाही.

ल प्रँस यांच्या बाबतीत चक्रे फिरली ती चाळीस वर्षांनी. डिसेंबर १९३० मध्ये लीड्सच्या महापौरांच्या हस्ते वुडहाउस लेनवरील जुन्या कार्यशाळेच्या जागी स्मृतिफलक लागला. त्याच सुमारास त्यांची मुलगी मारी हिने जपून ठेवलेले कॅमेरे आणि फिल्मचे तुकडे लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आले आणि संग्रहालयाने त्या चौकटींच्या प्रती काढून घेतल्या. बागेतील वीस चौकटी आज पाहायला मिळतात त्या या प्रतींवरूनच. न्यूयॉर्कच्या न्यायालयासमोर जे यंत्र कधी ठेवले गेले नाही, ती महोगनीची दोन भिंगांची पेटी आता लीड्सपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, ब्रॅडफर्डच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहे.